जंतरमंतरची सावली आणि मोबाइलचे घड्याळ यांचे जुळत का नाही?

दिल्लीतले आंदोलन म्हटले की बातमीत जंतरमंतर येतेच. एप्रिल २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी इथे उपोषण केले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या निदर्शनांना बंदी घातली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवून नियम आखायला सांगितले. हे सगळे घडते ते शेजारच्या रस्त्यावर. कुंपणाच्या आत मात्र तीनशे वर्षांची जुनी वेधशाळा उभी आहे, आणि तिच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे.

लोक आत जातात, मधल्या भल्यामोठ्या तिरक्या भिंतीची सावली पाहतात, मोबाइल काढून वेळ ताडून बघतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाच मिनिटांचा फरक दिसतो, फेब्रुवारीच्या मध्यावर चक्क पस्तीस मिनिटांचा. निष्कर्ष ठरलेला: जुने यंत्र, बिघडलेले. प्रत्यक्षात या फरकाचा जवळजवळ सगळा हिशेब कागदावर मांडता येतो. यंत्र सूर्याची खरी वेळ सांगते. आपण मनगटावर बांधतो ती वेळ माणसांनी सोयीसाठी ठरवलेली आहे.

कोणी बांधले आणि कशासाठी

आमेरचे राजे सवाई जयसिंग (१६८८–१७४३) यांनी १७२४ च्या सुमारास ही वेधशाळा उभारली. मराठी वाचकांना ते थोरल्या बाजीरावांच्या काळातले माळव्याचे सुभेदार म्हणून माहीत असतात. १७२७ मध्ये जयपूर वसवले तेही त्यांनीच. तेव्हा दिल्लीच्या गादीवर मोगल बादशहा मुहम्मदशाह होता. ग्रहांची प्रत्यक्ष आकाशातली जागा आणि पंचांगात गणिताने काढलेली जागा यांत मेळ बसत नव्हता. मुहूर्त, ग्रहणे, महिन्याचा आरंभ, सगळे त्या गणितावर अवलंबून. ते दुरुस्त करायचे तर आधी नव्याने वेध घ्यायला हवेत, म्हणजे आकाशातल्या गोलांची जागा मोजून नोंदवायला हवी. त्या वेधांतून तयार झालेल्या कोष्टकांना बादशहाचे नाव दिले गेले: झीज-ए-मुहम्मदशाही.

दिल्लीनंतर जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा इथेही वेधशाळा झाल्या. मथुरेची आता उरलेली नाही. एकाच ठिकाणचे वेध चुकीचे असू शकतात, चार ठिकाणचे जुळले तर भरवसा वाढतो, हा त्यामागचा विचार आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल असा आहे.

भिंत तिरकी का?

ही तिरकी भिंत ज्या यंत्राची, ते सम्राट यंत्र. त्याचे दोन भाग. मधोमध दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाणारी जाड त्रिकोणी भिंत, जमिनीखालचा भाग धरून सुमारे ७० फूट उंच. तिला शंकू म्हणतात, म्हणजे सावली पाडणारी वस्तू. तिच्या पूर्वेला आणि पश्चिमेला दोन वाकलेल्या कमानी, एखाद्या मोठ्या चाकाचे तुकडे असावेत तशा. सावली या कमानींवर पडते आणि वेळ तिथेच वाचायची.

सरळ उभी काठी रोवली असती तर काय बिघडले असते? दिल्लीत सूर्याप्रमाणे सकाळचे नऊ वाजलेले असताना जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काठीची सावली जवळपास थेट पश्चिमेला पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच नऊ वाजता ती वायव्येला जाते. तास तोच, सावलीची दिशा मात्र ४५ ते ५० अंशांनी वेगळी. अशा काठीभोवती तासांच्या खुणा कायमच्या कोरून ठेवताच येत नाहीत.

सूर्य रोज फिरताना दिसतो तो पृथ्वीच्या आसाभोवती. हा आस उत्तरेला ध्रुवताऱ्याच्या दिशेने जातो आणि क्षितिजापासून त्याची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकीच असते. दिल्लीचा अक्षांश २८ अंश ३७ कला (एका अंशाच्या साठ कला), म्हणून भिंतीची वरची कड तितक्याच चढाची. कड आसाला समांतर झाली की सूर्य बारा महिने तिच्याभोवतीच फिरतो. ऋतूनुसार तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकला तर कडेवरचा सावली पाडणारा बिंदू वरखाली होतो, पण सावलीच्या रेषेची जागा बदलत नाही.

कमानी तिरक्या का, तेही यातूनच कळते. जात्यावर दळणारी बाई एका लयीत खुंटा फिरवते. बरोबर वरून पाहिले तर खुंटा सारख्या वेगाने फिरताना दिसतो. जमिनीवर बसून बाजूने पाहिले तर तोच खुंटा टोकांना रेंगाळतो आणि मध्ये झपकन सरकतो. सपाट जमिनीवर पडणारी सावली ही बाजूने पाहिलेल्या खुंट्यासारखी, दुपारी एका चालीने आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या. कमानींचे प्रतल आसाला काटकोनात ठेवले की आपण जणू बरोबर वरून पाहतो. मग तासाला ठीक १५ अंश, आणि सगळे तास सारख्या रुंदीचे.

याचा एक परिणाम असा की हे यंत्र जिथल्या तिथेच चालते. जयपूरचा अक्षांश २६ अंश ५५ कला, उज्जैनचा २३ अंश ११ कला. तिथल्या भिंतींचा चढ त्या त्या प्रमाणात कमी आहे. दिल्लीची भिंत उचलून उज्जैनला ठेवली तर ती वर्षभर वेगवेगळी चूक दाखवील.

सावली किती वेगाने सरकते

सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणून सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि हळूहळू खाली, भिंतीकडे सरकत येते. माध्यान्ही ती तळाशी पोचते. त्यानंतर पूर्वेच्या कमानीवर चढू लागते.

कमानीची त्रिज्या सुमारे १५ मीटर. पूर्ण वर्तुळ धरले तर परीघ ९४ मीटरच्या आसपास, आणि त्याला २४ तासांनी भागले की तासाला जवळपास ४ मीटर. मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर. सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त. कमानीजवळ एक मिनिट शांत उभे राहिले तर सावली सरकलेली डोळ्यांनी दिसते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते असे समोर पाहणे वेगळे. शाळेच्या सहलीत दहा मिनिटे फक्त यासाठी राखून ठेवावीत.

फरकाचे पहिले कारण: देशांतर

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपली आपली असे. सूर्य डोक्याच्या रेषेवर आला की त्या गावाचे बारा. पूर्वेकडच्या गावात ते आधी वाजत, पश्चिमेकडच्या गावात नंतर. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर हे अशक्य झाले आणि १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची वेळ आहे. मुंबईने त्यानंतरही कित्येक वर्षे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ चालवली, ती याच कारणाने.

दिल्लीचा रेखांश ७७ अंश १३ कला. म्हणजे प्रमाणवेळेच्या रेषेपासून दिल्ली ५ अंश १७ कला पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने फरक २१ मिनिटे ८ सेकंद. पंचांगाच्या मापात सांगायचे तर जवळपास ५३ पळे (एक पळ म्हणजे २४ सेकंद). या फरकाला देशांतर म्हणतात. तो कायमचा आहे, कोणत्याही दिवशी बदलत नाही.

दुसरे कारण: वेलांतर

फरक फक्त देशांतराचा असता तर वर्षभर २१ मिनिटेच दिसला असता. तो पाच ते पस्तीस असा हलतो, कारण सूर्य स्वतःच घड्याळासारखा नियमित नाही. एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ नेहमी बरोबर २४ तास नसतो. डिसेंबरच्या अखेरीला तो सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त असतो, सप्टेंबरच्या मध्याला वीसएक सेकंदांनी कमी. रोजचे हे सेकंद साठत जातात आणि त्यांची मिनिटे होतात. खरा सूर्य आणि सरासरीने चालणारे घड्याळ यांच्यातल्या या अंतराला वेलांतर म्हणतात.

कारणे दोन आहेत. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि वेगाने धावते. जुलैत ती १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि मंदावते. स्वतःभोवती एक फेरी पूर्ण होईपर्यंत ती कक्षेत साधारण एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी थोडे वळावे लागते. जानेवारीत हे थोडे जास्त, जुलैत थोडे कमी.

दुसरे कारण आसाचा कल, २३.४ अंशांचा. त्यामुळे आकाशात सूर्याचा वार्षिक मार्ग विषुववृत्ताला तिरका छेदतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास सूर्याच्या रोजच्या चालीतला काही भाग उत्तर-दक्षिण सरकण्यात जातो, पूर्वेकडची चाल कमी भरते. जून आणि डिसेंबरमध्ये सगळी चाल पूर्वेकडे होते. काळ मोजताना फक्त पूर्व-पश्चिम चाल धरायची असल्याने वर्षातून दोनदा सूर्य पुढे पडतो, दोनदा मागे.

दोन्ही कारणे मिळून जो आकडा येतो तो दरवर्षी जवळपास सारखाच असतो. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य सव्वाचौदा मिनिटे मागे. १४ मेच्या सुमारास पावणेचार मिनिटे पुढे. २६ जुलैला साडेसहा मिनिटे मागे. ३ नोव्हेंबरला १६ मिनिटे २५ सेकंद पुढे. मधल्या चार दिवशी, साधारण १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला वेलांतर शून्य असते. त्या दिवशी जंतरमंतरची सावली मोबाइलपेक्षा फक्त देशांतराचीच २१ मिनिटे मागे दिसायला हवी.

स्वतः ताडून कसे पाहायचे

मोबाइलवरची वेळ घ्या. तीतून २१ मिनिटे ८ सेकंद वजा करा. मग त्या दिवशी सूर्य पुढे असेल तर वेलांतर मिळवा, मागे असेल तर वजा करा. येईल ती सावलीने दाखवायची वेळ.

३ नोव्हेंबरला दुपारी अडीच वाजता: २ वाजून ३० मिनिटांतून २१ मिनिटे ८ सेकंद गेले, उरले २ वाजून ८ मिनिटे ५२ सेकंद. त्यात १६ मिनिटे २५ सेकंद मिळवले, झाले २ वाजून २५ मिनिटे १७ सेकंद. सावली मोबाइलच्या पाचच मिनिटे मागे. ११ फेब्रुवारीला त्याच अडीच वाजता ८ मिनिटे ५२ सेकंदांतून आणखी सव्वाचौदा मिनिटे जातात आणि वेळ येते १ वाजून ५४ मिनिटे ३७ सेकंद. यंत्र तेच, तास तोच, आणि दोन्ही उत्तरे बरोबर.

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ वेलांतराच्या चिन्हात होतो, कारण काही कोष्टके ते घड्याळातून सूर्याकडे जाण्यासाठी देतात आणि काही उलट. नोव्हेंबर लक्षात ठेवला की पुरे: त्या महिन्यात दिल्लीची सावली मोबाइलच्या सर्वांत जवळ असते. हिशेब उलटा आला तर चिन्ह बदलून पाहा.

“सावलीची कड तर धूसर दिसते. मग सेकंद कसे वाचणार?”

ही शंका अगदी रास्त आहे. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे आहे. म्हणून सावली एकदम संपत नाही. पूर्ण अंधार आणि पूर्ण ऊन यांच्यामध्ये फिकट पट्टा असतो. १५ मीटर अंतरावर तो पट्टा जवळपास १४ सेंटीमीटर रुंद होतो. मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर धरले तर ही दोन मिनिटांची धूसरता झाली. नुसत्या डोळ्यांनी बोट ठेवले तर एखाद्या मिनिटाची चूक सहज होते.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो करून पाहण्यासारखा आहे. बारीक दोरा ताणून कमानीच्या पृष्ठभागापासून सेंटीमीटरभर वर, सावलीच्या कडेला समांतर धरायचा. उन्हात दोऱ्याची स्वतःची बारीक सावली स्पष्ट दिसते. दोरा हळूहळू गडद भागाकडे नेला की ती सावली फिकी होत एका जागी भिंतीच्या सावलीत विरून जाते. तीच जागा वाचायची. सराव असेल आणि हिवाळ्यातले स्वच्छ ऊन असेल तर पुन्हा पुन्हा घेतलेली वाचने काही सेकंदांच्या आत येतात.

पण ही कड सूर्यबिंबाच्या काठाची असते, मध्याची नाही. म्हणून अर्ध्या बिंबाची, म्हणजे साधारण एका मिनिटाची दुरुस्ती करावी लागते. गडद भागाची कड नेहमी भिंतीच्या बाजूला असल्याने ती माध्यान्हाच्या जवळची वेळ दाखवते: सकाळी वाचनातून एक मिनिट वजा करायचे, दुपारनंतर मिळवायचे. ही दुरुस्ती विसरली तर सकाळचे वेध एका बाजूला चुकतात आणि दुपारचे दुसऱ्या, आणि दोषाचे खापर दगड-चुन्यावर फुटते.

“धूसरता तेवढीच राहणार, तर इतके मोठे बांधून काय मिळाले?”

खरे आहे, त्रिज्या दुप्पट केली तर धूसर पट्टाही दुप्पट होतो. वेळेत मोजली तर धूसरता दोन मिनिटांचीच राहते. हातभर लांबीच्या यंत्रातही ती तेवढीच असते. या बाबतीत मोठेपणाचा उपयोग नाही, आणि वाटाडे सांगतात तसे “जितके मोठे तितके अचूक” हे अर्धेच सत्य आहे.

उपयोग दुसरीकडे आहे. लहान यंत्रावर मिनिटाची खूण केसाएवढी बारीक येते, सेकंदांची तर कोरताच येत नाही. इथे एका मिनिटाला चार बोटे जागा आहे, त्यामुळे खुणा कोरता येतात आणि दोऱ्याने सापडलेली जागा नेमकी वाचता येते. शिवाय जयसिंगांनी झीज-ए-मुहम्मदशाही या आपल्या कोष्टकांच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांबद्दल तक्रार नोंदवली आहे: ती लहान असतात, त्यांवर कलांचे भाग पडत नाहीत, त्यांचे आस झिजतात आणि डुगडुगतात, केंद्रे सरकतात. दगड आणि चुन्याच्या यंत्रात हलणारा भागच नाही. झिजायला आस नाही, सैल व्हायला खीळ नाही.

दगडाचे स्वतःचे दोष आहेत. भिंत बाजूला पाव अंश कलली तरी एका मिनिटाची चूक येते. कमानीवरचा खुणांचा गिलावा एक सेंटीमीटर सरकून बसला तर नऊ सेकंदांची.

“तोपर्यंत युरोपात दुर्बीण आलेली होती ना?”

होती, शतकभर आधीपासून. जयसिंग त्याबाबत अनभिज्ञही नव्हते. त्यांनी पोर्तुगालला मंडळ पाठवले, तिथून फ्रेंच ज्योतिर्विद ला हिर यांची कोष्टके मागवून घेतली आणि आपल्या वेधांशी ताडली. चंद्राच्या स्थानात त्यांना अर्ध्या अंशाचा फरक आढळला. अर्धा अंश म्हणजे चंद्राच्या पूर्ण बिंबाएवढे अंतर. ग्रहणाच्या वेळा त्याने तासाभराने हलू शकतात. नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांतून छापील कोष्टकाची एवढी चूक पकडली गेली, हे या वास्तूंचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे. तरीही दुर्बिणीला मोजपट्टी जोडून वेध घेण्याची युरोपातली पद्धत इथे रुजली नाही, आणि पुढचा काळ त्या पद्धतीचा होता.

आवारातली बाकीची यंत्रे

जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनीत बसवलेल्या दोन अर्धगोल वाट्या. आकाशाचा अर्धा गोल उलटा करून खाली ठेवला आहे असे समजायचे. वर ताणलेल्या तारांच्या छेदबिंदूची सावली वाटीत जिथे पडते ती सूर्याची जागा. एका वाटीत जिथे माणसाला उतरायला मोकळी जागा सोडली आहे, तो भाग दुसऱ्या वाटीत बांधलेला आहे. दोन्ही मिळून एक आकाश पूर्ण होते. राम यंत्राच्या दोन गोल इमारतींतही हीच युक्ती आहे. तिथे मधल्या खांबाच्या सावलीवरून सूर्याची क्षितिजापासूनची उंची आणि दिशा मिळते. मिश्र यंत्र पाचही वेधशाळांपैकी फक्त दिल्लीत होते. त्याच्या आकारामुळे फोटो त्याचेच जास्त निघतात, शिकण्यासारखे मात्र सम्राट यंत्रात अधिक आहे.

सम्राट यंत्र रात्रीही चाले. कमानीच्या काठाशी डोळा ठेवून तारा भिंतीच्या कडेला टेकलेला दिसेल ती जागा शोधायची. त्यावरून तारा माध्यान्हरेषेपासून किती दूर आहे ते कळते. उघड्या जिन्यांची रांग शोभेसाठी नव्हती, निरीक्षकाला प्रत्येक अंशापर्यंत पोचता यावे म्हणून होती.

आज ते वेळ बरोबर दाखवते का?

यंत्राची भूमिती शाबूत आहे, वाचायच्या खुणा बहुतांशी नाहीत. मूळ विभागणी चुन्याच्या गिलाव्यावर होती. लूट, पावसाळे आणि दुर्लक्ष यांत ती गेली. १८५२ मध्ये आणि नंतर १९०९-१० च्या सुमारास जयपूर दरबारने दुरुस्त्या केल्या, पण त्यांनी पडझड थांबली तरी मूळ बारकावा परत आला नाही. सम्राट यंत्राचा तळ जमिनीच्या पातळीखाली असल्याने तिथे पाणी साठण्याचा त्रासही जुना आहे.

दुसरी अडचण शहराची आहे. बांधकाम झाले तेव्हा भोवती मोकळे रान होते. आता कनॉट प्लेस आणि संसद मार्गावरच्या उंच इमारती आवाराभोवती उभ्या आहेत. सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी, त्यांच्याच सावल्या यंत्रांवर पडतात. कमानींच्या वरच्या टोकांचा उपयोग त्यामुळे जवळपास संपला आहे. खुणा नव्याने अचूक कोरता येतील, दगडी कामगारांना आणि ज्योतिर्गणितज्ञांना ते अवघड नाही. पण हिरावलेले क्षितिज कोरून परत मिळत नाही. उरलेल्या वास्तूभोवतीच्या बांधकामांच्या उंचीवर काटेकोर मर्यादा ठेवणे त्यामुळे डागडुजीइतकेच गरजेचे आहे.

पाहायला जायचे असेल तर सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ धरा. पावसाळ्यातले ढग आणि हिवाळ्यातले धुरके दोन्ही सावलीची कड पुसून टाकतात. फेब्रुवारी, मार्च आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातले स्वच्छ दिवस चांगले. यंत्रांवर चढू नका, गिलावा पायांनी झिजतो. सोबत त्या दिवसाचे वेलांतर लिहून न्या. आणि माध्यान्ही, दिल्लीचे खरे बारा वाजताना, सावली पश्चिमेची कमान सोडून पूर्वेच्या कमानीवर जाते तो क्षण चुकवू नका. ११ फेब्रुवारीला तो मोबाइलवर १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो, ३ नोव्हेंबरला १२ वाजून ५ मिनिटांच्या थोडा आधी.